बरा होत नाही, पण ताब्यात राहतो

मित्रमैत्रिणींनो, आणि चुकून हे पान उघडलेल्या सर-मॅडम,

आपल्या मॅगझिनच्या मराठी विभागात पहिल्या पावसावर, पहिल्या प्रेमावर आणि मेसच्या पोळ्यांवर दरवर्षी लिहून येतं. मी यंदा कोंड्यावर लिहिणार आहे. विषय ऐकून आमच्या विंगमधल्या दोघी-तिघी "ई!" म्हणाल्या. खरं तर तो "ई!" हाच माझा विषय आहे. (माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर पोटात घाला. मुद्दा मात्र डोक्यात घ्या.)

मुद्दा सुरुवातीलाच सांगून टाकते. कोंडा, आणि त्याचा थोरला भाऊ असलेला डोक्याचा त्वचारोग, हा एकदा औषध घेतलं की कायमचा जाणारा आजार नाही. तो ताब्यात ठेवायचा आजार आहे, आणि तो अगदी छान ताब्यात राहतो. एवढी एक गोष्ट माहीत नसल्यामुळे आपण पेशंटला घाणेरडा ठरवतो, आणि पेशंट बिचारा 'मुळापासून' बरं करणाऱ्या चमत्काराच्या मागे धावत राहतो. पैसेही जातात, कातडीही जाते.

आधी ओळख करून देते. साधा कोंडा म्हणजे डोक्याच्या त्वचेचे पांढरे, सुटे कण. खाज थोडी, लाली नाही. साधारण निम्म्या मोठ्या माणसांना तो आयुष्यात कधी ना कधी होतोच. त्याचाच जोरदार प्रकार म्हणजे सेबोरिक डर्मटायटिस. यात खपल्या पिवळसर आणि तेलकट असतात, खालची त्वचा लाल होते, आणि खाज अशी सुटते की लेक्चर चालू असताना पेनच्या टोपणाने डोकं खाजवावंसं वाटतं. हा डोक्यावरच थांबतो असंही नाही. भुवया, नाकाच्या दोन्ही कडा, कानांच्या मागे, मुलांच्या छातीवरही येतो. तान्ह्या बाळाच्या टाळूवर खपली धरते ना, तो याचाच बाळअवतार. तो काही महिन्यांत आपोआप जातो. मग वयात येताना त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथी जोरात कामाला लागल्या की हा पुन्हा दार ठोठावतो. शंभर तरुणांत तीन ते पाच जणांना हा असतो असं धरून चालतात, आणि मुलींपेक्षा मुलांना जरा जास्तच. आपल्या हॉस्टेल्सचा हिशोब तुम्हीच मांडा!

मी आठवीपासून या हिशोबात आहे.

आता हा होतो कशाने? "डोकं धूत नसेल" हे उत्तर सगळ्यांना तोंडपाठ आहे आणि ते चूक आहे. 1874 साली लुई-शार्ल मालासे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने कोंड्याच्या कणांत एक सूक्ष्म बुरशी पाहिली. त्याच्याच नावावरून तिला आज मालासेझिया म्हणतात. गंमत अशी की ही बुरशी जवळजवळ प्रत्येक मोठ्या माणसाच्या त्वचेवर असते. तुमच्या, माझ्या, प्रिन्सिपल सरांच्यासुद्धा! 2007 साली तिच्या एका जातीचा जीनोम प्रसिद्ध झाला, तेव्हा दिसलं की स्वतःपुरतं फॅटी ॲसिड बनवायची सोयच तिच्याकडे नाही. म्हणजे ही बाई स्वयंपाक न करता कायम मेसवर जेवणारी. आपल्या त्वचेतून पाझरणारं तेल ती फोडते, हवं ते खाते, आणि ओलेइक ॲसिडसारखं उष्टं तिथेच टाकून देते. काहींची त्वचा हे निमूट सहन करते. काहींची करत नाही. ती सुजते, लाल होते आणि घाईघाईने नवीन पेशी बनवायला लागते. एरवी जुन्या पेशी एकेक करून डोळ्यांना न दिसता गळतात, इथे त्या गठ्ठ्याने सुटतात. आपल्या काळ्या कुर्त्याच्या खांद्यावर दिसतात त्या ह्याच.

थोडक्यात, बुरशी तुमच्या डोक्यावरही आहे आणि माझ्याही. फरक आहे तो माझ्या त्वचेच्या स्वभावात. त्यामुळे हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. उशीने नाही, टॉवेलने नाही, शेजारी बसल्याने तर नाहीच नाही. (कंगवा मात्र आपापलाच वापरा. उवा आणि गजकर्ण नक्की पसरतात, त्यांना कोंड्याच्या नावावर खपवू नका.)

हॉस्टेलमधला दुसरा आवडता आरोपी म्हणजे बोअरचं पाणी. फर्स्ट इयरला आपण सगळ्यांनी ईडीटीए टायट्रेशन करून पाण्याचा जडपणा काढलाय, तेव्हा केमिस्ट्री आठवा. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा चिकट साका तयार करतं. आंघोळीच्या साबणानेच डोकं धुतलं तर हा साका केसांत अडकतो, सुकला की पांढरा दिसतो आणि आपल्याला वाटतं कोंडा वाढला. शाम्पूत साबण नसतो, त्यामुळे त्याचा असा साका होत नाही. म्हणजे बोअरच्या पाण्यावर केस कोरडे होण्याचा आरोप ठेवा हवं तर, पण डर्मटायटिसच्या खटल्यात त्याला मुख्य आरोपी करू नका.

ही सगळी माहिती नसल्याने काय होतं, त्याची दोन उदाहरणं देते.

आमच्या शाळेत दर सोमवारी असेंब्लीनंतर नखं, रिबिनी आणि केस तपासायचे. आठवीत मला रांगेतून बाहेर काढून वेगळं उभं केलं. कारण काय, तर डोक्यात 'काहीतरी पांढरं' दिसतंय. उवा नव्हत्या. तरी पुढचे आठ दिवस माझी बेंचमेट माझ्यापासून हातभर लांब सरकून बसायची. ही झाली शाळेतली गोष्ट, पोरींना कळत नव्हतं म्हणून सोडून देऊ.

पण गेल्या वर्षी आपल्या लेडीज हॉस्टेलमध्ये काय झालं? फर्स्ट इयरच्या एका मुलीच्या रूममेट्सनी 'हिला दुसरी रूम द्या' असा अर्ज केला. अर्जात शब्द वापरला होता 'लागण'. ती मुलगी काही न बोलता घरी निघून गेली. तिची एक टेस्ट बुडाली, दोन जर्नल्स राहिली. परत आली ती केस मानेपर्यंत कापून. कंबरेपर्यंतचे केस होते तिचे! केस कापल्याने डर्मटायटिस जात नाही, तो त्वचेचा आजार आहे. म्हणजे केसही गेले आणि आजार आहे तिथेच. अजूनही ती लेक्चरला शेवटच्या बाकावर बसते, कारण शेवटच्या बाकाच्या मागे कोणी नसतं. तिची परवानगी घेऊनच हे लिहितेय. "नाव नको टाकूस, पण लिही," म्हणाली.

आता जरा इंजिनिअरसारखा विचार करू. मेंटेनन्सचे दोन प्रकार आपल्याला शिकवतात, ब्रेकडाऊन आणि प्रिव्हेंटिव्ह. वर्कशॉपमधल्या लेथला तेल देतो ते काही लेथ 'बरा' व्हावा म्हणून देत नाही. चालू राहावा म्हणून देतो, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा देतो. त्यावरून कोणी लेथला नावं ठेवत नाही. डोक्याच्या बाबतीत मात्र आपण ब्रेकडाऊन झाल्यावर धावतो, दोन आठवडे औषध लावतो, बरं वाटलं की बाटली कपाटाच्या वरच्या कप्प्यात. महिन्या-दोन महिन्यांनी कोंडा परत आला की "ते औषध बेकार निघालं!" औषध बेकार नव्हतं, शेड्यूल बंद पडलं होतं. कंट्रोल सिस्टिमच्या भाषेत सांगायचं तर बुरशी शून्य करणं हा आपला सेटपॉइंटच नाही. ती कमी राहिली आणि त्वचा शांत राहिली की काम झालं.

मग करायचं काय? इथे मी डॉक्टर नाही हे आधी सांगते. पण स्किनचे डॉक्टर सर्रास जे सांगतात आणि मला ज्याने फरक पडला, ते लिहिते.

सौम्य कोंडा असेल तर दुकानातला साधा अँटी-डँड्रफ शाम्पू पुरतो. बाटलीवरची जाहिरात न वाचता मागची बारीक अक्षरं वाचा. झिंक पायरिथिऑन किंवा पायरोक्टोन ओलामाइन यांपैकी काहीतरी असायला हवं. त्याने भागलं नाही तर केटोकोनाझोल 2 टक्केवाला शाम्पू. (नावात केटी आहे म्हणून घाबरू नका!) हा बुरशी कमी करतो. नेहमीची पद्धत अशी: पहिले दोन ते चार आठवडे, आठवड्यातून दोनदा. मग आठवड्याला किंवा दोन आठवड्यांना एकदा, आणि हे 'एकदा' चालूच ठेवायचं. सगळा खेळ या शेवटच्या वाक्यात आहे. सेलेनियम सल्फाइडचा शाम्पूही चालतो, फक्त लावताना चांदीची अंगठी काढून ठेवा, काळी पडते. खपल्या फार जाड असतील तर सॅलिसिलिक ॲसिड किंवा कोल टार असलेलं औषध त्या मऊ करतं. टारला डांबरी वास येतो, रूममेटला आधी कल्पना द्या.

शाम्पू लावायची पद्धतसुद्धा शिकावी लागते, हे मला स्किनच्या डॉक्टरांकडे गेल्यावर कळलं. औषधी शाम्पू केसांसाठी नसतो, केसांखालच्या त्वचेसाठी असतो. केस ओले करा, बोटांनी भांग पाडत पाडत त्वचेला लावा, आणि पाच मिनिटं तसाच ठेवा. मग धुवा. रविवारी सकाळी सोलरचं गरम पाणी संपत आलंय आणि बाहेर चार जणी बादल्या घेऊन उभ्या आहेत, अशा वेळी पाच मिनिटं फार मोठी वाटतात. म्हणून मी बुधवारी संध्याकाळी डोकं धुते. गर्दी नसते. नखांनी खरवडू नका, जखमा होतात आणि त्यात पू धरतो.

माझं सध्याचं शेड्यूल दहा दिवसांतून एकदा. सबमिशन आणि ओरल्सच्या महिन्यात जागरणं होतात, टेन्शन असतं, डोकं बंड करतं. तेव्हा आठवड्याला एकदा. थंडीतही तेच. जर्नलच्या मागच्या पानावर तारखा लिहून ठेवते, बस्स. या शिस्तीवर दोन वर्षं मी काळे कपडे घालतेय.

आता एक धोक्याची पाटी. डोक्याला लावायचं स्टेरॉइडचं लोशन असतं. खाज आणि लाली दोन-तीन दिवसांत गायब! डॉक्टर ते देतातही, पण जोराचा भडका असेल तेव्हा, मोजक्या दिवसांसाठी. आपल्याकडे एकाच्या प्रिस्क्रिप्शनवर अख्खी विंग औषध आणते आणि महिनोन्‌महिने लावते. परिणाम? त्वचा पातळ होते, कपाळाच्या कडेला बारीक लाल रक्तवाहिन्या दिसू लागतात, आणि लावणं थांबवलं की आजार दुप्पट जोराने उसळतो. तेच चेहऱ्याला चोपडलं तर आणखी वाईट. 2018 साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायच्या चौदा स्टेरॉइड्सना शेड्यूल एचमध्ये घेतलं, म्हणजे ती प्रिस्क्रिप्शनशिवाय विकायची नाहीत, ते उगाच नाही. मेडिकलवाला न विचारता देतो म्हणून घेऊ नका. जे औषध दोन दिवसांत जादू करतं, ते किती दिवस लावायचं हे डॉक्टरांना विचारलंच पाहिजे.

आणि आता सर्वांत नाजूक विषय: आजीचं तेल. शनिवारी रात्री एकमेकींच्या डोक्याला तेल लावून देणं हा आमच्या हॉस्टेलचा कुळाचार आहे. त्या वेळी जेवढ्या गप्पा होतात तेवढ्या वर्षभरात होत नाहीत, म्हणून मला त्याविरुद्ध बोलायला जिवावर येतं. पण विचार करा. मालासेझियाला प्रयोगशाळेत वाढवायचं असेल तर खाद्यात ऑलिव्ह तेलासारखं काहीतरी स्निग्ध घालावं लागतं. आपण तीच सोय तिला डोक्यावर रात्रभर करून देतो! तेल लावल्यावर खपल्या ओल्या होऊन चिकटतात आणि एक दिवस कोंडा दिसत नाही, म्हणून तेलाने फरक पडला असं वाटतं. दिसत नाही आणि नाही, यात फरक आहे. भडका असेल तेव्हा तेल बंद. ताब्यात असेल आणि लावायचंच असेल तर केसांच्या लांबीला लावा, त्वचेला नको, आणि त्याच दिवशी धुऊन टाका. गप्पांना तेल लागत नाही, त्या चालू राहू द्या. आजीला सांगायची वेळ आली की मी "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हणते. आमच्या घरी डॉक्टरांचं वजन आहे.

घरगुती उपाय सगळेच वेडगळ असतात असं मी म्हणत नाही. टी ट्री तेलाच्या 5 टक्के शाम्पूवर ऑस्ट्रेलियात 126 जणांवर अभ्यास झाला, 2002 साली प्रसिद्ध झाला, आणि चार आठवड्यांत कोंडा कमी झालेला दिसला. म्हणजे उपाय झाडाचा आहे की कारखान्याचा हा प्रश्नच नाही, तपासून पाहिलाय का हा आहे. लिंबू चोळणं मात्र सोडा. आधीच सोललेल्या त्वचेवर ॲसिड टाकल्यावर काय होणार, ते सांगायला केमिस्ट्रीचे सर नकोत. नवीन औषधंही येत आहेत. अमेरिकेत डिसेंबर 2023 मध्ये रोफ्लुमिलास्ट नावाच्या औषधाच्या फेसाला याच आजारासाठी परवानगी मिळाली, आणि तो स्टेरॉइड नाही. पण तोही आजार काबूत ठेवणाराच आहे. मुळापासून उखडणारं काही अजून तरी कोणाकडे नाही. तसं छापणाऱ्याचं पॅम्फलेट एसटी स्टँडवर हातात पडलं तर त्यावर रफ वर्क करा.

डॉक्टरकडे कधी जायचं? चार आठवडे नीट शाम्पू लावून फरक नाही, पू येतोय, दुखतंय, चेहऱ्यावर पसरतंय, किंवा गोल चकतीसारखे केस गेलेत, तर लगेच. जाड, चंदेरी खपल्या केसांची हद्द ओलांडून कपाळावर आल्या किंवा कोपर-गुडघ्यांवरही दिसल्या, तर तो सोरायसिस असू शकतो, त्याची औषधं वेगळी. आणि केस गळतात म्हणून रडत बसू नका. या आजारात गळलेले केस सूज उतरली की सहसा परत येतात. खासगी डॉक्टरांची फी जड वाटत असेल तर सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये स्किनची ओपीडी असते. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. (केसांसाठी केसपेपर, हा विनोद मी करणार नव्हते.)

शेवटी दोन मागण्या. पहिली हॉस्टेल कमिटी आणि रेक्टर मॅडम-सरांकडे. आजाराचं नाव घेऊन कोणी रूम बदलायचा अर्ज आणला, तर तो डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. आणि फर्स्ट इयरच्या ओरिएंटेशनमध्ये रॅगिंगवर तासभर बोलतात, तसं अर्धा तास स्किनच्या डॉक्टरांना बोलवा. कोंडा, गजकर्ण, पिंपल्स, उवा, यांतलं काय पसरतं आणि काय नाही, एवढंच सांगितलं तरी पुरे. त्याला बजेट लागत नाही, एक फोन लागतो.

दुसरी मागणी तुमच्याकडे. एखाद्याच्या खांद्यावर कण दिसले तर "काय रे, शिमल्याहून आलास का?" हा विनोद करू नका. त्याने तो शंभर वेळा ऐकलाय आणि एकदाही त्याला हसू आलेलं नाही. कॅम्पसला काळा ब्लेझर घालून आत जाताना त्याच्या डोक्यात ॲप्टिट्यूडचे प्रश्न असायला हवेत, स्वतःचे खांदे नव्हे. जवळचा मित्र असेल तर दाराबाहेरच हळूच खांदा झटकून द्या आणि "जा, फोडून ये!" म्हणा. सल्ला द्यायचाच झाला तर एकच द्या, डॉक्टरकडे जा म्हणून, आणि जमलं तर सोबत जा.

हा लेख वाचता वाचता तुम्ही दोन-तीनदा डोकं खाजवलं असणार. काळजी करू नका, ते सगळ्यांचंच होतं. पण रोजच होत असेल, तर बुधवारी संध्याकाळी बाथरूम रिकामं असतं. एवढी टीप फुकट!